‘सर, माझ्याजवळ पिस्तूल आहे’: फाल्कन हाइट्सच्या चाळीस सेकंदांचा अभ्यास

परवाना घेऊन पिस्तूल बाळगणाऱ्या माणसाला अमेरिकेत पोलिसांनी रस्त्यात थांबवलं तर त्याने काय करावं, यावर सल्ल्यांचा तिथे तुटवडा नाही. हात स्टिअरिंगवर ठेवा, आवाज शांत ठेवा, झटकन हालचाल करू नका. सल्ले चुकीचे नाहीत. पण ते सगळे गाडीत बसलेल्या माणसाला उद्देशून असतात. खिडकीबाहेर कमरेला पिस्तूल लावून उभा असलेला, पगारी आणि प्रशिक्षित माणूस त्या वेळी नेमकं काय बोलतो, याची चर्चा फारशी होत नाही. २०१६ मध्ये अशाच एका थांब्यात पोलिसाच्या गोळ्यांनी मारल्या गेलेल्या फिलँडो कॅस्टीलच्या प्रकरणात सगळा गुंता तिथेच आहे, म्हणून हे प्रकरण त्या बाजूने बघायचं आहे.

काय घडलं

६ जुलै २०१६, बुधवार. मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहराला लागून असलेलं फाल्कन हाइट्स हे लहानसं उपनगर. रात्रीचे नऊ वाजून गेलेले. पण तिकडे जुलैत सूर्यच नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे काळोख पूर्ण दाटलेला नव्हता. लार्पेंटर अॅव्हेन्यूवरून एक पांढरी, जुनी ओल्ड्समोबाइल चालली होती. गाडी चालवत होता ३२ वर्षांचा, कृष्णवर्णीय कॅस्टील. शेजारी त्याची मैत्रीण आणि मागे तिची चार वर्षांची मुलगी.

कॅस्टील सेंट पॉलमधल्या एका माँटेसरी शाळेच्या कॅफेटेरियात पर्यवेक्षक होता. शालेय विभागाच्या नोकरीत तो २००२ पासून होता. कुठल्या मुलाला कशाची अॅलर्जी आहे हे त्याला तोंडपाठ असायचं, असं शाळेतले लोक नंतर सांगत होते. त्याच्याकडे पिस्तूल बाळगण्याचा रीतसर परवाना होता, शेजारच्या हेनेपिन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शेरीफने दिलेला.

मागे असलेल्या पोलिसांच्या गाडीत सेंट अँथनी पोलीस दलाचा जेरोनिमो यानेझ हा २८ वर्षांचा अधिकारी होता. फाल्कन हाइट्सला स्वतःचं पोलीस दल नव्हतं. शेजारच्या सेंट अँथनीशी करार करून काम भागवलं जात होतं. यानेझने वायरलेसवर जोडीदाराला कळवलं की तो एक गाडी थांबवतोय आणि ओळखपत्रं तपासणार आहे. चारच दिवसांपूर्वी जवळच्या लॉडरडेलमध्ये एका दुकानावर सशस्त्र दरोडा पडला होता. या गाडीतले दोघं त्यातल्या माणसांसारखे दिसतात, विशेषतः चालक, कारण त्याचं नाक रुंद आहे, असं तो बोलला. हे शब्द रेकॉर्डवर आहेत. कॅस्टीलचा त्या दरोड्याशी काडीचाही संबंध नव्हता.

गाडी थांबल्यावर मात्र यानेझने दरोड्याचा उल्लेख केला नाही. मागचा ब्रेक लाइट लागत नाही, एवढंच सांगितलं. अमेरिकेत याला कायद्याचा आधार आहे. १९९६ च्या व्हरेन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वाहतुकीचा कुठलाही नियम खरोखर मोडलेला असला, तर पोलिसाच्या मनात दुसरंच काही असलं तरी थांबवणं वैध ठरतं. या एका निकालामुळे एक बंद दिवासुद्धा पोलिसाला पुरेसा होतो. कॅस्टीलला तर याची सवयच होती. १८-१९ वर्षांचा असल्यापासून त्याला किमान ४६ वेळा थांबवण्यात आलं होतं, आणि एका पत्रकारितेच्या तपासणीनुसार त्यातली बाहेरून दिसू शकतील अशी कारणं फक्त सहा वेळा होती. बाकीचे दंड गाडी थांबवल्यावर सापडलेल्या गोष्टींचे: विमा नाही, लायसन्स निलंबित. दंड भरला नाही म्हणून लायसन्स निलंबित, निलंबित लायसन्सवर गाडी चालवली म्हणून पुन्हा दंड. गरीब माणसाची ही फरफट आपल्याकडच्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

यानेझ खिडकीशी येऊन बोलायला लागल्यापासून पहिली गोळी सुटेपर्यंत साधारण ४० सेकंद गेले. पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात, म्हणजे डॅशकॅममध्ये, ते सगळे आहेत.

आधी नमस्कार-चमत्कार, मग ब्रेक लाइटची गोष्ट. मग यानेझने लायसन्स आणि विम्याचं कार्ड मागितलं. कॅस्टीलने विम्याचं कार्ड दिलं. यानेझने त्यावर नजर टाकून ते स्वतःच्या खिशात सरकवलं. लायसन्स द्यायचं अजून बाकी होतं. तेवढ्यात कॅस्टील शांतपणे म्हणाला, “सर, मला तुम्हाला सांगायला हवं, माझ्याजवळ पिस्तूल आहे.” वाक्य पुरतं संपायच्या आत यानेझ “ओके” म्हणाला आणि त्याचा उजवा हात स्वतःच्या पिस्तुलाकडे गेला. “ओके, मग त्याला हात घालू नका.” कॅस्टील काहीतरी सांगू लागला, त्यातले एकदोन शब्दच ऐकू येतात. यानेझने पुन्हा तोडलं, “बाहेर काढू नका.” कॅस्टील म्हणाला, “मी काढत नाहीये.” मैत्रीणही म्हणाली, “तो काढत नाहीये.” मग यानेझ ओरडला, “बाहेर काढू नका!” आणि डावा हात खिडकीतून आत घालत त्याने उजव्या हाताने पिस्तूल उपसलं. सात गोळ्या. पाच लागल्या, त्यांतल्या दोन हृदयाला.

“मी हात घालत नव्हतो,” हे कॅस्टीलचे शेवटचे शब्द.

मैत्रिणीने त्यानंतर मोबाइलवरून फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि ते जगभर पोचलं. आपल्याकडेही अनेकांनी हे प्रकरण त्या व्हिडिओमुळेच ओळखलं. मात्र तो व्हिडिओ गोळीबारानंतरचा आहे. प्रकरणाचा खरा पुरावा डॅशकॅमचा, आणि तो लोकांना दिसला जवळपास वर्षभराने, खटल्याचा निकाल लागून गेल्यावर.

कॅस्टीलचं पिस्तूल त्याच्या शॉर्ट्सच्या उजव्या खिशात मिळालं. मॅगझिन भरलेलं होतं, पण चेंबरमध्ये गोळी नव्हती. म्हणजे ते बाहेर आलं असतं तरी स्लाइड ओढल्याशिवाय त्यातून गोळी सुटली नसती. यानेझला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून या मुद्द्यावर मी फार भर देत नाही.

“हात घालू नका” म्हणजे नेमकं काय करायचं?

त्या क्षणी कॅस्टीलसमोर दोन हुकूम उभे होते. पहिला, लायसन्स दाखवा. तो मागे घेतलेला नव्हता. दुसरा, पिस्तुलाला हात घालू नका. कॅस्टीलच्या बाजूने दोन्हींत विरोध नव्हता: हात जातोय तो लायसन्सकडे, पिस्तुलाकडे नाही, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. यानेझच्या बाजूने मात्र कंबरेकडे जाणारा प्रत्येक हात पिस्तुलाकडेच जाणार होता, कारण पिस्तूल कुठे आहे हे त्याने विचारलंच नव्हतं. गोळीबारानंतर काही मिनिटांतच तो वरिष्ठाला सांगताना ऐकू येतो की पिस्तूल कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, त्याने मला ते सांगितलं नाही.

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची साक्ष हीच. ‘त्याने सांगितलं नाही.’ मग विचारायचं कुणी? यानेझ तीन वेळा बोलला आणि तिन्ही वेळा काय करू नका एवढंच सांगितलं. काय करा, हे एकदाही नाही. ‘हात स्टिअरिंगवर ठेवा’ हे वाक्य उच्चारायला दोन सेकंद लागतात. ते ऐकल्यावर लायसन्सचा आधीचा हुकूम आपोआप रद्द होतो, हात डोळ्यांसमोर येतात, आणि समोरचा ऐकतोय की नाही हे पोलिसाला तपासता येतं. ‘काढू नका’ या हुकमाचं पालन कसं दाखवायचं? पिस्तूल न काढणारा माणूस आणि पिस्तूल काढायच्या बेतात असलेला माणूस, दोघंही आधी हात हलवताना सारखेच दिसतात. हात न हलवणं हा एकच मार्ग उरतो, आणि तो यानेझने सांगितला नाही.

याच्या जोडीला आणखी एक विसंगती आहे. समोरचा सशस्त्र दरोडेखोर असू शकतो असं यानेझला खरोखर वाटत होतं, तर अशा गाडीला थांबवायची पद्धत वेगळी असते. पोलीस आपल्या गाडीच्या आडोशाला राहतात, कुमक येईपर्यंत थांबतात, लांबूनच मोठ्या आवाजात सूचना देऊन एकेकाला हात वर करून बाहेर बोलावतात. तसं न वाटता केवळ दिव्यासाठीच थांबवलं असेल, तर मग समोरचा साधा नागरिक, आणि पिस्तुलाची माहिती स्वतःहून देणारा नागरिक हा सहसा धोका नसतो. हल्ला करायचा असलेला माणूस आधी ‘सर’ म्हणून वर्दी देत नाही. यानेझने दरोड्याची भीती मनात ठेवली आणि वागणूक दिव्याच्या दंडाची ठेवली. मधलं काही त्याच्याकडे नव्हतं. खरं तर होतं. १९७७ च्या मिम्स खटल्यापासून अमेरिकी पोलिसाला कुठल्याही वैध थांब्यात चालकाला गाडीतून उतरायला सांगता येतं. तो खटलाही फिलाडेल्फियातल्या मुदत संपलेल्या नंबरप्लेटचा: माणूस उतरला, पोलिसाला जॅकेटखाली फुगवटा दिसला आणि रिव्हॉल्व्हर सापडलं. कुणी मेलं नाही.

जोडीदार अधिकारी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी उभा होता. त्याने आपल्या पिस्तुलाला हातही लावला नव्हता. एकाच गाडीच्या दोन बाजूंना दोन अधिकारी आणि दोघांच्या दोन प्रतिक्रिया. यानेझने २०१४ मध्ये पोलिसांना ‘योद्धा’ म्हणून घडवणाऱ्या एका खासगी शिबिराला हजेरी लावली होती. त्या शिबिराने त्या रात्री नेमका किती परिणाम केला हे कुणाला मोजता येणार नाही. पण प्रत्येक थांबा हा संभाव्य हल्ला असं शिकवलेल्या माणसाच्या तोंडून ‘पिस्तूल कुठे आहे?’ हा साधा प्रश्न का आला नाही, याचा अंदाज येतो. मिनियापोलिसच्या महापौरांनी २०१९ मध्ये आपल्या पोलिसांना अशा शिबिरांवर बंदी घातली, आणि जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर २०२० मध्ये राज्यानेही.

खटला

१६ नोव्हेंबर २०१६ ला फाल्कन हाइट्स ज्यात येतं त्या रॅमसे काउंटीचे अॅटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील, जॉन चोई यांनी यानेझवर दुसऱ्या श्रेणीच्या सदोष मनुष्यवधाचा आणि मैत्रीण व मुलीचा जीव धोक्यात घातल्याबद्दल बेदरकारपणे गोळीबाराच्या दोन कलमांचा आरोप ठेवला. यानेझला जे दिसत आणि ऐकू येत होतं त्यावरून कुठल्याही समंजस अधिकाऱ्याने प्राणघातक बळ वापरलं नसतं, असं चोई जाहीरपणे म्हणाले. अमेरिकेत फिर्यादी पक्षाचा प्रमुख पोलिसाबद्दल इतकं स्पष्ट क्वचितच बोलतो.

बचाव पक्षाने गांजा पुढे आणला. गाडीत गांजाचा वास येत होता असं यानेझने दुसऱ्याच दिवशी तपासाधिकाऱ्यांना सांगितलं होतं, आणि लहान मुलीसमोर ओढणारा माणूस माझ्या जिवाची काय पर्वा करणार, असा त्याचा तर्क होता. कॅस्टीलच्या रक्तात गांजाचे अंश मिळाले. संघराज्याच्या कायद्यानुसार गांजा ओढणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही, म्हणून त्याचा परवानाही खरा नव्हे, इथपर्यंत युक्तिवाद गेला. मिनेसोटाने २०२३ मध्ये प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. संघराज्याचा बंदुकीचा नियम मात्र तसाच राहिला.

१६ जून २०१७ ला ज्यूरीने तिन्ही आरोपांतून यानेझची मुक्तता केली. कसोटी होती ती १९८९ च्या ग्रॅहम खटल्यातली: बळाचा वापर घटनास्थळी असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेने तपासायचा, नंतर सुचलेल्या शहाणपणाने नाही. ही कसोटी मला मुळात चुकीची वाटत नाही. सेकंदात निर्णय घेणाऱ्याला निवांत बसून जोखणं सोपं असतं. पण ती कसोटी शेवटच्या दोन सेकंदांवर दिवा धरते आणि आधीचे अडतीस अंधारात जातात. तो दोन सेकंदांचा पेच कुणाच्या बोलण्यातून तयार झाला, हा प्रश्न ज्यूरीपुढे मागे पडतो.

सेंट अँथनीने यानेझला पुन्हा कामावर घेतलं नाही. ४८,५०० डॉलर देऊन त्याला निरोप दिला. कॅस्टीलच्या आईशी जवळपास ३० लाख डॉलरची तडजोड झाली, मैत्रिणीशी ८ लाखांची.

सांगावं की सांगू नये?

मिनेसोटाच्या कायद्यात, कलम ६२४.७१४ मध्ये, पोलिसाने विचारलं तर पिस्तूल आहे की नाही हे सांगणं परवानाधारकाला बंधनकारक आहे. न विचारता सांगणं बंधनकारक नाही. म्हणजे कॅस्टीलने कायद्यापेक्षा एक पाऊल जास्तच टाकलं होतं. मिशिगनमध्ये याच्या उलट: थांबवल्याबरोबर आपण होऊन सांगावंच लागतं. ओहायोतही तसंच होतं, ते २०२२ मध्ये बदललं आणि आता विचारल्यावर सांगायचं. अर्ध्याहून जास्त राज्यांत तर आता लपवून पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. राज्याची सीमा ओलांडली की नियम फिरतो, आणि महामार्गावर सीमा कधी ओलांडली हेही अनेकदा लक्षात येत नाही.

परवान्याच्या प्रशिक्षणवर्गांत साधारण असं शिकवतात: गाडी थांबली की आतला दिवा लावा, काच खाली घ्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर. अधिकारी आला की सुरुवात ‘पिस्तूल’ या शब्दाने न करता परवान्याने करा: माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल उजव्या कंबरेला आहे, लायसन्स मागच्या खिशात आहे, मी काय करू ते सांगा. मग त्याने सांगितल्याशिवाय हात उचलू नका. पिस्तूल आणि कागद एकाच बाजूला ठेवू नका, हाही त्यातलाच एक शहाणपणाचा सल्ला. अधिकारी तपासणीपुरतं पिस्तूल ताब्यात घेऊ शकतो, तेव्हा वाद घालू नका. वाद नंतर, वकिलामार्फत.

कॅस्टीलच्या आईच्या सहभागाने मिनेसोटाच्या चालकांसाठीच्या सरकारी पुस्तिकेत यावर स्वतंत्र मजकूर आला. चांगलं झालं. तरी मला एक खटकतं: कॅस्टीलने परवान्याचा शब्द आधी घेतला असता तर तो वाचला असता, असं बचाव पक्षाप्रमाणेच अनेक बंदूकप्रेमीही म्हणतात. परवान्याबद्दल बोलायला त्याला वाक्य पुरं करू दिलं होतं का, हे डॅशकॅमवर कुणीही ऐकावं. बंदुकीच्या हक्कासाठी एरवी आकाशपाताळ एक करणारी राष्ट्रीय रायफल संघटना या वेळी घटना चिंताजनक असून तिची चौकशी व्हावी, एवढ्यावर थांबली, हेही तिथल्या अनेक कृष्णवर्णीय परवानाधारकांच्या लक्षात राहिलं.

आपल्या माणसांसाठी दोन शब्द

आपल्याकडे परवान्याची बंदूक म्हणजे क्वचित दिसणारी चीज, आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, एवढीच ओळख. अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाला म्हणून यातलं बरंच परकं वाटतं. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक जवळ ठेवणंच संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. मित्राची बंदूक नेमबाजीच्या रेंजवर हातात घेतली तरी प्रश्न येऊ शकतो. ग्रीन कार्डवाल्याला ती घेता येते, मिनेसोटात परवानाही मिळतो.

बंदूक नसली तरी एक सवय मात्र इथूनच टाकून जावी लागते. पुण्यात किंवा नाशकात हवालदाराने हात दाखवला की आपण गाडी कडेला घेतो, उतरतो, कागद घेऊन ‘साहेब’ म्हणत त्याच्याकडे जातो. तो आपल्याकडे आदर समजला जातो. अमेरिकेत न सांगता उतरून पोलिसाकडे चालत येणारा चालक म्हणजे धोका, आणि त्याने खिशाकडे नेलेला हात त्याहून मोठा. भारतातून नुकत्याच आलेल्या आईवडिलांना किंवा सासऱ्यांना गाडीत शेजारी बसवून नेणाऱ्यांनी हे त्यांनाही आधीच सांगावं. ते मुलाच्या मदतीला म्हणून पटकन ग्लोव्ह बॉक्स उघडतात.

आता चोईंकडे परत. त्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं की सार्वजनिक सुरक्षेशी संबंध नसलेल्या किरकोळ कारणांसाठी थांबवलेल्या गाडीत काही सापडलं, तर त्यावरचे बहुतेक गंभीर गुन्ह्यांचे खटले त्यांचं कार्यालय चालवणार नाही. बंद दिवा, मुदत संपलेलं नोंदणीचं स्टिकर, आरशाला टांगलेली वस्तू अशी ही कारणं. पोलीस संघटनांनी विरोध केला, आसपासच्या काही पोलीस दलांनी साथ दिली आणि असे थांबे कमी करायचं ठरवलं. मला हा उपाय पुस्तिकेतल्या सूचनांपेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो, कारण तो खिडकीजवळचं संभाषण सुरूच होऊ देत नाही. पण हे एका कार्यालयाचं धोरण आहे, कायदा नव्हे. चोईंच्या जागी उद्या येणारा अॅटर्नी ते एका पत्रकाने मागे घेऊ शकतो, आणि रॅमसे काउंटीची हद्द ओलांडली की ते लागू होत नाही.